फळ्यावरची अर्धी ओळ

आप्पांनी खडू पाण्याच्या वाटीत बुडवला, झटकला, आणि लिहायच्या ऐवजी तसाच हातात धरून उभे राहिले. खडूच्या टोकाचा एक पांढरा थेंब त्यांच्या चपलेवर पडला.

मी वाचनालयाच्या पायरीशी पोचले तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. "हे कुठं गेले बघ जरा," म्हणून आईनं पाठवलं होतं. कुठं गेले असतील ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

वाचनालयाच्या रस्त्याकडच्या भिंतीतच सिमेंटचा काळा फळा केलेला होता. वरच्या अर्ध्या भागात सुविचार आणि चार बातम्या, खालच्या अर्ध्या भागात निधनवार्ता. आप्पा आमच्या नांदवडीच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, आणि बावीस वर्षं हा फळा तेच लिहीत होते. गावात माणूस गेलं की आधी फळ्यावर जायचं, मग वारणेकाठच्या घाटावर. खडू ओला केला की अक्षर ठसठशीत उमटतं आणि वाळल्यावर नुसत्या हातानं पुसलं जात नाही, हे त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं.

त्या सोमवारी फळ्यावर असं होतं:

दुःखद निधन. कु. चारुशीला बाळकृष्ण माळवदे, वय १३ वर्षे, हिचे शनिवार दि. १६ एप्रिल रोजी

आणि मग मोकळी जागा. त्याखाली पुन्हा अक्षरं: रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी नऊ वाजता.

वरचं लिहून झालं होतं, खालचं लिहून झालं होतं. मधली ओळ तेवढी राहिली होती. माझ्या बहिणीचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्या अक्षरांत पाहत होते.

"आप्पा, चला. आई वाट बघतीये."

"हेमा," ते फळ्याकडंच बघत म्हणाले, "बावीस वर्षांत मी इथं किती कारणं लिहिली असतील?"

त्यांनी स्वतःच बोटांवर मोजलं.

"चार. वृद्धापकाळाने, अल्पशा आजाराने, हृदयविकाराच्या झटक्याने आणि अपघाती. औषध पिऊन गेलेला बापू कुरणेसुद्धा अल्पशा आजाराने गेला. सासरी जळालेली पलीकडच्या गल्लीतली पोरगी अपघाती गेली. घरच्यांनी येऊन सांगितलं, मी लिहिलं. कुणाची अब्रू राहिली म्हणून मला बरं वाटायचं."

चारूला फिट यायच्या. सातव्या वर्षापासून. मिरजेच्या डॉक्टरांनी अपस्मार असं नाव सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ गोळी दिली होती, आणि बजावलं होतं की एक दिवससुद्धा चुकवायची नाही, पाण्याजवळ आणि चुलीजवळ एकटी सोडायची नाही. गोळीनं ती छान होती. वर्षातून एखादी फिट यायची, तीही पहाटे अंथरुणात. पण घरात आम्ही फिट हा शब्द उच्चारत नव्हतो. 'चक्कर' म्हणायचो. गोळ्या शिकेकाईच्या डब्यात ठेवायचो. शाळेत अशक्तपणा सांगितला होता. फेफरं येणाऱ्या पोरीच्या घरात सोयरीक करायला कोण धजणार, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि त्या घरात मी होते, एकवीस वर्षांची.

शनिवारी दुपारी चारू मैत्रिणींबरोबर नदीवर गेली होती. एप्रिलात वारणेला घाटाखाली गुडघाभर पाणी असतं.

"बाळू! काय चाललंय?"

तात्या आले. आप्पांचे थोरले भाऊ. पेठेत त्यांचं शिवणाचं दुकान होतं, आणि त्या दिवशीही गळ्यात टेप तसाच लोंबत होता. काढायचं भान राहिलं नव्हतं. चारूची सगळी परकर-पोलकी त्यांनीच शिवलेली.

त्यांनी फळा वाचला. मग मोकळ्या जागेकडं बोट केलं.

"हे काय ठेवलंयस?"

"कारण लिहायचंय."

"मग लिव्ह की. पाण्यात बुडून. त्यात इचार कसला करायचा? सरकारी कागदावर बी तेच हाय."

"तात्या, गुडघाभर पाण्यात कोण बुडतं?"

"बुडतंय की! पाय घसरला, डोस्कं आपटलं, खेळ खलास. लोकांनी तसंच धरलंय. तू कशाला उकरून काढतोस?"

"लोकांनी धरलंय ते खरं नाही."

"खोटं तर न्हाई न्हवं? पाण्यात गेली का न्हाई पोरगी? मग?" तात्यांचा आवाज चढला. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि तो खाली आणला. "हे बघ. शनवारी सकाळी त्या मंडळींनी हेमाला पसंत केलीया. पोरगा कालव्यावर नोकरीला हाय, घर चांगलं हाय. पोराचं मामा श्रीपतराव उद्या रक्षेला येणार हायत. सूतक सरलं की पुढचं बोलू म्हणालेत, स्वतःच्या तोंडानं. एक पोरगी गेली ती गेली. हिचं काय करणार हाईस? आणि माझ्या सुमनचं? रक्त एकच हाय आपलं, हे काय लोकांस्नी कळत न्हाई?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तो मुलगा मला आवडला होता. सगळे चहा घेत असताना त्यानं हळूच विचारलं होतं, "सध्या काय वाचताय?" पाहायला आलेल्या माणसानं असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"काल मंगल दारात आली होती," आप्पा म्हणाले.

मंगल चारूच्या वर्गातली, तिची जिवाची मैत्रीण. काल दहन करून आम्ही घाटावरून आलो तेव्हा ती उंबऱ्याबाहेर उभी होती. आत ये म्हटलं तर येईना.

"ती काय म्हणाली ऐकायचंय? पाण्यात बुडी मारून दम धरायचा खेळ चालला होता त्यांचा. चारू आधी काठावर बसली होती. भित्री भित्री म्हणून पोरींनी चिडवलं. का उतरत नाही ते हिला सांगता येईना, कारण आपण सांगू नको म्हटलेलं. मग उतरली. दोनदा बुडी मारून वर आली. तिसऱ्यांदा तोंड पाण्यात घालून तशीच राहिली. अंग थोडं हललं म्हणे. पोरींना वाटलं, ही आता जिंकतीये. त्या काठावरून आकडे मोजत होत्या तात्या. मोठ्यानं. नव्वदपर्यंत मोजलं त्यांनी."

तात्यांनी गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरला.

"ती पोरगी मला म्हणाली, 'काका, मला म्हाईत असतं तर मी तिला पाण्यात उतरू दिली असती का? मी मोजत बसली असती का?' सांग. काय उत्तर देऊ तिला? आयुष्यभर ती पोरगी आकडे मोजणार आहे."

"बाळू..."

"मी तिला उत्तर देतोय."

आप्पांनी खडू पुन्हा बुडवला आणि ओळ पुरी केली. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच होतं, सरळ, गोल, काना जरासा लांब.

पाण्यात अपस्माराचा (फिट, फेफरे) झटका आल्याने निधन झाले.

मग सुविचाराची जागा पुसली आणि तिथं लिहिलं: फिट आल्यास कांदा, चप्पल हुंगवू नये. तोंडात पाणी, चमचा, काहीही घालू नये. दाबून धरू नये. कुशीवर वळवावे. पाच मिनिटांत न थांबल्यास दवाखान्यात न्यावे. गोळी एक दिवसही चुकवू नये. पाण्यात एकटे सोडू नये. हा आजार आहे. लपवू नये.

तात्या शेवटची ओळ वाचायला थांबले नाहीत.

घरी आलो. सुतकात घरची चूल पेटत नव्हती. शेजारच्या राऊतकाकूंनी किटलीतून चहा पाठवला होता. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर शिकेकाईचा डबा. आप्पांनी तिला काय लिहिलं ते सांगितलं, एकेक शब्द. तिनं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"बरं केलंत," म्हणाली. एवढंच.

मी दूध आणायला म्हणून बाहेर पडले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा घरात आप्पा कपडे वाळत घालत होते. आमच्या घरात ते काम चारूचं होतं. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं.

"ओढणी ओली आहे तुझी," म्हणाले. "बदल."

दहाच्या सुमाराला राऊतकाका सांगत आले, "माळवदे, फळा पुसलाय की ओ कुणीतरी."

"सगळा?"

"नाव, तारीख, रक्षाविसर्जन तसंच हाय. मधली ओळ पुसलीया आणि वरची माहिती पुसलीया. स्वच्छ. कापड ओलं करून पुसल्यासारखं." काका घुटमळले. "तात्यांचं काम दिसतंय. आमी काय बोललो न्हाई."

आप्पांनी टोपी घातली, खडूची पेटी घेतली, आणि गेले. अकरा वाजता फळ्यावर तीच अक्षरं पुन्हा होती.

दुपारी वाचनालयाचे अध्यक्ष आले. वयस्कर, भला माणूस. अंगणातल्या बाकावर बसून बराच वेळ उन्हाळ्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "माळवदे, तुमचं दुःख आम्ही समजतो. पण फळा सार्वजनिक आहे हो. सकाळी सकाळी माणसं देवाला जातात, वाटेत असलं वाचायचं..."

"कसलं?"

"तेच. चप्पल, फेफरं... बरं दिसत नाही."

"अध्यक्ष, तुमच्या आई गेल्या तेव्हा मी अल्पशा आजाराने लिहिलं होतं. किती दिवस आजारी होत्या?"

अध्यक्षांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"सहा वर्षं," आप्पा म्हणाले. "अंथरुणात. मी पुस्तकं द्यायला यायचो म्हणून मला माहीत. काय झालंय ते तुम्ही कुणाला कळू दिलं नाही, म्हणून कुणी भेटायला पण आलं नाही त्यांना. मला त्या विचारायच्या, माळवदे, गावात माणसं आहेत ना अजून?"

अध्यक्षांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "पाणी द्या जरा," म्हणाले. पाणी पिऊन उठले, आणि फळ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

चार वाजता फळा पुसलेला होता. या वेळी वेडावाकडा, घाईत. आणि पुसणाऱ्यानं लपून पुसलं नव्हतं. तात्या वाचनालयाच्या पायरीवर बसले होते, शेजारी ओली चिंधी, हात कोपरापर्यंत पांढरे. आप्पा आणि मी समोर जाऊन उभे राहिलो.

"व्हय, मीच पुसला," तात्या म्हणाले. "आणि सकाळचं बी माझ्याच नावावर खपतंय, खपू दे. तू लिव्हशील तितक्यांदा पुसीन. तुला लेक राहिली नसंल, मला हाय. दोन हायत. ही बी माझीच हाय." त्यांनी माझ्याकडं हात केला. डोळे लाल झाले होते. "चारू पोरगा असती तर तिची मुंज मी केली असती, एवढी माझी हुती ती. समजलास?"

"समजलो."

"मग?"

"सरक जरा. हात पुरत नाही."

तात्या सरकले. आप्पांनी तिसऱ्यांदा लिहिलं. थोरला भाऊ पायरीवर बसून धाकट्याला लिहिताना बघत राहिला. उठला नाही, पुसलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "उद्या घाटावर तरी गप बस. बोलायचं काम माणसं करतील. तू बाप हाईस, तुला बोलाय लागत न्हाई."

आमच्याकडं तशी रीत आहे. तिसऱ्या दिवशी घाटावर रक्षा सावडायची, घास ठेवायचा, कावळा शिवायची वाट बघायची, आणि मग गावातल्या चार माणसांनी उभं राहून मयताबद्दल दोन शब्द बोलायचे. घरचं कुणी बोलत नाही. घरच्यांनी मान खाली घालून ऐकायचं असतं.

मंगळवारी घाटावर खूप माणसं होती. लहान पोर गेलं की जास्त येतात. बायका करंजाच्या झाडाखाली, पुरुष समोर. आई आणि मी पुढं. श्रीपतराव, त्या मुलाचे मामा, पांढरा शर्ट घालून तात्यांच्या शेजारी उभे होते. नदी खाली तेवढीच, गुडघाभर. घासापाशी चारूला आवडायच्या म्हणून आईनं चिंचेच्या गोळ्या ठेवल्या होत्या. कावळा यायला उशीर लागला नाही. कुणीतरी म्हणालं, "इच्छा राहिली न्हाई बघा पोरीची." आईनं त्या माणसाकडं अशी नजर टाकली की तो दोन पावलं मागं गेला.

मग बोलणं सुरू झालं. सरपंच म्हणाले, काळानं घाला घातला. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, जो आवडतो सर्वांना तोचि आवडे देवाला. मुख्याध्यापक म्हणाले, अत्यंत गुणी मुलगी, जरा अशक्त होती, नदीपात्रात दुर्दैवानं पाय घसरला.

त्यांनी फळा वाचला होता. सगळ्यांनी वाचला होता. मंगळवारी सकाळी त्यावरूनच सगळे घाटावर आले होते. आणि तरी पाय घसरला.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती, रीतीप्रमाणं. तीन वेळा लिहून हात थकलेला माणूस दिसत होता तो. पलीकडं मंगल तिच्या आईच्या पदराला धरून उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. ती काय म्हणत होती ते मला दिसत होतं.

तात्या म्हणाले, "आता सगळ्यांनी दोन मिनिटं स्तब्ध..."

"मला बोलायचंय," मी म्हणाले.

"हेमा, गप ऱ्हा."

"तात्या, मला बोलायचंय."

मी पुढं झाले. घाटाच्या दगडी कठड्याला धरलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी पुस्तकं पुष्कळ वाचली होती, पण त्या वेळी एक वाक्य आठवेना. जे होतं तेवढं बोलले.

"माझ्या बहिणीचा पाय घसरला नाही. तिला फिट आली. तिला सात वर्षांची असल्यापासून फिट येत होत्या. आम्ही लपवलं. शाळेला सांगितलं नाही, मैत्रिणींना सांगितलं नाही. मंगलचा यात काही दोष नाही. मंगल, ऐकतीयेस? काही दोष नाही. तुला माहीत असतं तर तू तिला बाहेर काढली असतीस."

मंगलचे ओठ थांबले.

"शनिवारी मला बघायला पाहुणे यायचे होते. बायका स्वयंपाकघरात येतील, डबे उघडतील, म्हणून मी सकाळीच तो गोळ्यांचा डबा मागच्या खोलीत ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. आईनं नाही. मी. चारूनं विचारलं, ताई, माझी गोळी? मी म्हटलं, आता नको, पाहुणे दारात आलेत, संध्याकाळी दोन घे एकदम. जाताना ती म्हणाली, कुठं जाऊ? मी म्हटलं, कुठंही जा, मंगलकडं जा, पण पाच वाजायच्या आत येऊ नको. पाहुण्यांसमोर तिला फिट आली असती तर काय, ही मला भीती होती."

करंजाखालून कुणीतरी हुंदका दिला. आईनं नाही. आई ताठ उभी होती, माझ्याकडं बघत. तिला हे तोवर माहीत नव्हतं.

"आणि काल सकाळी फळा पहिल्यांदा पुसला तोही मीच. ओढणी वाटीतल्या पाण्यात भिजवून. तात्यांनी नाही. मला वाटलं, ती तर गेली, आता निदान..." मी ओढणीचं टोक मुठीत धरलं. "आप्पांनी जे लिहिलंय ते खरं आहे. गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नसते. मी चुकवली. हा आजार आहे. तिनं काही पाप केलेलं नव्हतं, आमच्या घरात काही शाप नाही. तुमच्या घरात कुणाला असेल तर लपवू नका. बास. एवढंच बोलायचं होतं."

नदीच्या पलीकडं एक पंप चालू होता, तेवढा आवाज.

मग आई चालत आली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं, इतकं की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं, आणि माझ्या शेजारी उभी राहिली. लोकांकडं तोंड करून. सगळी माणसं घाट चढून जाईपर्यंत तिनं हात सोडला नाही. घरी मात्र ती पुढं कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते मी तिला देणं लागत होते.

श्रीपतराव जाताना तात्यांना म्हणाले, "कळवतो." त्यांनी कधी कळवलं नाही. त्या मुलाचं एक कार्ड महिन्यानं आलं, चार ओळींचं, घरचे ऐकत नाहीत असं. मी त्याला दोष दिला नाही. घरच्यांचं ऐकण्यात मीही काही कमी पडले नव्हते.

घाटावरून आप्पा घरी न येता पेठेत गेले. तासाभरानं मी वाचनालयापाशी गेले तेव्हा ते फळ्यासमोर बसले होते, शेजारी ऑइलपेंटचा पांढरा डबा, ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली. खालची निधनवार्ता तशीच होती. वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं बावीस वर्षं सुविचार होता, तिथं त्यांनी पट्टीनं पेन्सिलीच्या रेघा मारल्या होत्या.

"तुम्हाला कालच कळलं होतं," मी म्हणाले. "ओढणीवरून."

"ओढणीवरून नाही. तू ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट पुसतेस. शिकवलंय मी." त्यांनी डब्याचं झाकण पेचकसानं उचकटलं. "तात्या बघ कसा पुसतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मीही सहा वर्षं पुसतच होतो." त्यांनी ब्रश माझ्यापुढं धरला. "माझा हात भरून आलाय आज. तुझं अक्षर बरं आहे."

मी लिहायला बसले. ऑइलपेंट ओघळतो, खडूसारखा तो हाताचं ऐकत नाही. 'कांदा, चप्पल हुंगवू नये' एवढं लिहून होईतो मागं एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर मोळी होती, ती खाली ठेवली नाही.

"काय लिवताय ते वाचून दावा की."

मी वाचलं. अजून लिहायचं होतं तेही सांगितलं.

"परत एकदा वाचा."

परत वाचलं.

"चप्पल न्हाई लावायची?"

"नाही."

"दात बसत्यात त्याला पळी घालत्यात न्हवं तोंडात?"

"काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, आणि शेजारी बसून राहायचं."

"नुसतं बसायचं?" तिनं विचारलं. डोक्यावरची मोळी सारखी केली. "आणि गोळी मिळती म्हणता, ती कुठं?"

आप्पांनी तिला मिरजेचा पत्ता सांगितला, मग कागदावर लिहून दिला. कुणासाठी हवाय ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ती गेल्यावर आप्पा म्हणाले, "लिही. हूं. पुढची ओळ."

याला तीस वर्षं झाली. सुमनचं लग्न झालं, व्यवस्थित. माझंही झालं, सगळं आधी सांगून, जरा उशिरा. तो ऑइलपेंटचा कोपरा मी दर दोन वर्षांनी नव्यानं गिरवते. आप्पांच्या मागं ग्रंथपाल मीच झाले. मधल्या काळात फळ्याचं वळण बदललं. कुणी कावीळ लिहायला सांगतं, कुणी दारूमुळे, एका बापानं तर मुलाच्या नावापुढं स्वतः खडू घेऊन आत्महत्या असं लिहिलं आणि खडू माझ्या हातात परत दिला. सगळे नाही. अल्पशा आजाराने अजूनही पुष्कळ जातात.

गेल्या महिन्यात आप्पा गेले. सकाळी सात वाजता मी फळ्यासमोर उभी होते, वाटीत पाणी घेऊन. सुमनचा धाकटा भाऊ प्रमोद शेजारी होता. दुकान आता तोच बघतो.

"ताई, वय ब्याऐंशी. वृद्धापकाळाने लिव्ह, छान दिसंल."

"प्रोस्टेटच्या कर्करोगाने."

"अगं..." त्यानं रस्त्याकडं बघितलं. देवळाकडं जाणारी माणसं होती. "कर्करोग लिव्ह हवं तर. पण अवयव कशाला? बायकापोरी वाचत्यात."

"त्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणाले, साठीनंतरच्या बाप्यांनी लाजून तपासायला जायचं टाळू नये, तेही खाली लिही. आणि म्हणाले, प्रमोद आडवा येईल."

प्रमोदला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. तो पायरीवर बसला, जिथं तात्या बसले होते तिथंच.

"लिव्ह मग," म्हणाला. "पण अक्षर जरा मोठं काढ. म्हाताऱ्यांस्नी दिसत न्हाई."

मी खडू बुडवला, झटकला, आणि न थांबता ओळ पुरी केली.